आधी मुलांची खोकी

परदेशात वर्षानुवर्षं राहून कायमचं परत यायचं ठरलं, की मराठी घरांत एक वाद हमखास रंगतो. तिकडे जमलेला संसार बोटीत भरून आणायचा, की सगळा तिकडेच मोकळा करून चार बॅगा उचलून निघायचं? नातेवाईक, मित्र, आधी परतलेले ओळखीचे, सगळेच त्यात आपापलं मत घालतात. बहुतेक वेळा बोलणं भाड्यावर आणि कस्टमवर येऊन थांबतं. ते तिथे थांबू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा संवाद मांडतो आहे.

यातली भाची नवरा आणि दोन मुलांसह न्यू जर्सीहून पुण्याला परत येते आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. दोघांचाही जन्म तिकडचाच. मामा रत्नागिरीत राहतो. त्याची उमेदीची वर्षं आधी कुवेतला आणि मग मस्कतला गेली. १९९० साली तो कुवेतमधून जवळजवळ नेसत्या कपड्यांनिशी निघाला होता. पुढे मस्कतहून कायमचा परतला तेव्हा मात्र घरचं सामान बोटीने घेऊन आला. बोलणं २०२३ च्या वसंतातलं आहे. तेव्हा प्रवाशांच्या सामानाला २०१६ चे बॅगेज नियम लागू होते. असे नियम सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून त्यातले आकडे ज्याने त्याने आपल्या परतीच्या वेळी पुन्हा पाहून घ्यावेत.

जागेचं भाडं

भाची : मामा, आमचं ठरलंय. माणशी दोन बॅगा, २३-२३ किलोच्या. बाकी सगळं इथेच सोडायचं. सोफा, जेवणाचं टेबल, मुलांचे पलंग विकायला टाकलेत. भांडीकुंडी, जास्तीचे कपडे, खेळणी देऊन टाकणार. पुण्याच्या घरात मोकळ्या हातांनी शिरायचं आहे मला.

मामा : सगळं म्हणजे अगदी सगळं?

भाची : हो. कागद-पेन घेऊन हिशोब केलाय. बोटीचं भाडं वजनावर नसतं, सामान किती जागा अडवतं त्यावर असतं. वीस फुटी कंटेनरच्या पोटात साधारण ३३ घनमीटर जागा, चाळीस फुटीत ६७. आमचं घर आहे तसं उचललं तर वीस फुटी अख्खा लागेल. सोफ्यात निम्मी हवाच असते, आणि त्या हवेचंही भाडं आपणच भरायचं. शिवाय तो सोफा पुण्याच्या लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यातून वळत नाही.

मामा : सोफा आण असं मी म्हणत नाही. पण सोफा परवडत नाही म्हणून सगळ्याच वस्तूंवर फुली मारायची का?

भाची : दुसरी गोष्ट विजेची. इथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तिथे २३० आणि ५०. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात, पण कुकर, मिक्सर, टोस्टर यांना प्रत्येकी ट्रान्सफॉर्मर लागणार. मायक्रोवेव्हचं तर व्होल्टेज उतरवूनही भागत नाही, कारण तो ६० हर्ट्झसाठी बांधलेला असतो. ५० वर तापतो. मग स्वयंपाकघर निम्मं बाद झालंच की.

मामा : हे बरोबर बोललीस. आखातातून येणाऱ्यांना ही अडचण नव्हती. मस्कतची वीज आपल्यासारखीच, त्यामुळे माझा फ्रिज आणि वॉशिंग मशीन इथे येऊन तसंच चालू झालं. फक्त तिकडचे तीन चौकोनी पिनांचे प्लग कापून आपले लावावे लागले. कपाटं, पलंग, मामीचं शिवणयंत्र, पितळी दिवे, गालिचा, सगळं आलं आणि सगळं वापरलं. तेव्हा गावाकडे तसल्या वस्तू सहज मिळत नव्हत्या. मस्कत ते न्हावा शेवा अंतर किती, बोटीचे मोजके दिवस! तुमच्याकडून सुएझमार्गे यायचं म्हणजे महिना-दीड महिना धरूनच चालायचं. दुबई-मस्कतवाल्यांचा हिशोब आणि अमेरिकावाल्यांचा हिशोब एकच कसा असेल?

भाची : मग तूच बघ, मी म्हणते तेच व्यवहाराचं.

मामा : व्यवहाराचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की व्यवहार तासाभरात संपतो. त्यानंतर जे उरतं त्याचा विचार तू अजून केलेला नाहीस.

कागदपत्रं आणि कस्टम

भाची : तासाभरात कसला? कस्टमच्या भानगडीला मी खरंच घाबरते. इथे ज्यांनी ज्यांनी सामान पाठवलं, त्यांच्याकडून एकेक गोष्टी ऐकल्या आहेत.

मामा : भीती बहुतेक वेळा अर्धवट माहितीची असते. नीट ऐक. तुम्ही दोन वर्षांहून जास्त तिकडे राहिलात, म्हणजे राहतं घर बदलून येणाऱ्यांची सवलत तुम्हाला लागू होते. आखातात सगळे तिला टीआर म्हणतात. तिच्याखाली वापरलेलं घरसामान एका प्रवाशाला ५,००,००० रुपयांपर्यंत विनाशुल्क आणता येतं. मागच्या दोन वर्षांत भारतातल्या सगळ्या फेऱ्या मिळून मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा, आणि मागच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी. तुमचं दोन्हीत बसतं.

भाची : टीव्ही?

मामा : टीव्ही विसर. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीची विनाशुल्क सूट गेली. त्याआधी आखातातून आणि थायलंडहून येणारी निम्मी माणसं विमानात टीव्ही घेऊनच चढायची. आता त्याच्यावर ३८.५ टक्के शुल्क बसतं. तुझा टीव्ही काही तेवढ्या मोलाचा नाही.

भाची : आणि बॅगेत जे आणू ते?

मामा : नेहमीच्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंत सूट आहे, अठरा वर्षांवरच्या माणसाला एक लॅपटॉप वेगळा. दागिन्यांचं मात्र जपून. वर्षापेक्षा जास्त परदेशी राहिलेल्या बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम, पण त्याला किमतीचीही मर्यादा आहे : बाईला एक लाख, पुरुषाला पन्नास हजार. आजच्या सोन्याच्या भावात ४० ग्रॅम एक लाखात कुठे बसतंय? किंमतच आधी आड येते. तुझ्या लग्नातल्या पाटल्या आणि तन्मणी इथूनच नेलेत ना?

भाची : हो. नेताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं हे आता कळतंय.

मामा : ते नसेल तर सराफाच्या जुन्या पावत्या आणि लग्नातले फोटो हाताशी ठेव. दागिना आपलाच आहे आणि इथूनच गेला होता, हे सांगायला काहीतरी हवं. ते सामानात टाकायचं नाही, अंगाबरोबर ठेवायचं. तसंच मुलांचे शाळेचे दाखले, गुणपत्रकं, लसीकरणाच्या नोंदी. दाखल्यांवर अपोस्टील, म्हणजे परदेशातही चालणारा सरकारी शिक्का, मारून घे. बोट कधी येईल ते बोटीला माहीत; शाळा जूनमध्येच सुरू होते.

भाची : आणि बोटीचं सामान आपल्या आधी आलं किंवा नंतर आलं तर?

मामा : आपण पोचल्यापासून एका महिन्याच्या आत ते तिकडून निघायला हवं. आपल्या आधी आलं तर दोन महिन्यांपर्यंत चालतं. सोडवताना मूळ पासपोर्ट लागतो. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि त्या नंबरासमोर आत काय आहे याची यादी. पॅकिंग लिस्ट मोघम असली की अधिकाऱ्याला खोकी उघडून बघावी लागतात. 'किचन' एवढंच लिहू नको. 'वापरलेली स्टीलची भांडी, बारा नग', असं लिही. आणि लाकडी क्रेट वापरलात तर त्यावर उष्णता दिल्याचा शिक्का बघून घे. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशावर तीस मिनिटं तापवलेलं असावं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कीड इकडून तिकडे जाऊ नये म्हणून. पुठ्ठ्याच्या खोक्यांना ती अडचण नाही.

भाची : मी दोघा-तिघांकडून दर मागवले होते. एकाचा इतका कमी आला की माझाही विश्वास बसेना.

मामा : बसू देऊ नको. स्वस्त दर बहुधा बंदरापर्यंतचा असतो. न्हावा शेव्याला उतरल्यावर हाताळणी, गोदाम, क्लिअरिंग एजंट, तिथून पुण्याचा ट्रक, हे सगळं वेगळं. आणि ठरलेल्या दिवसांत सामान सोडवलं नाही तर डिमरेजचा, म्हणजे उशिराचा, आकार रोजच्या रोज चढत जातो. विचारायचं ते दारापासून दारापर्यंतचं भाडं, आणि लेखी. कस्टमचं शुल्क सोडून बाकी काय काय त्यात धरलंय, तेही लेखी.

भाची : विमा?

मामा : उतरवायचाच. आपण स्वतः भरलेल्या खोक्यात काच फुटली तर विमा बहुधा देत नाही; मूव्हर्सनी भरलेल्याला देतो. म्हणून फुटणारं असेल तेवढं त्यांना भरायला सांग. शिवाय समुद्राचा एक जुना कायदा आहे. जहाज वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च होतो, तो जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवस कालवा बंद. नंतर जहाजमालकाने हाच नियम लावला, आणि जहाज जुलैपर्यंत इजिप्तमध्येच अडकून पडलं. ज्याचा विमा असतो त्याच्यासाठी ही हमी विमा कंपनी देते. नसेल त्याला आपल्याच सामानासाठी खिशातून पैसे ठेवावे लागतात.

भाची : मामा, हे सगळं ऐकून माझं मत आणखी पक्कं झालं. इतका खटाटोप कशासाठी? सवलत आहे म्हणून सामान आणायचं का?

मागे ठेवलेलं वाया जात नाही

मामा : सवलतीसाठी आणू नये. पण पंधरा वर्षं वापरलेली वस्तू फुकापासरी देऊन टाकताना तुला काहीच वाटत नाही?

भाची : वाटतं. पण ती कुठे जाते हे मला ठाऊक आहे. आम्ही इथे आलो तेव्हा भाड्याच्या घरात फक्त गालिचा होता. पहिल्याच आठवड्यात मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोन केला : अमुक कुटुंब परत चाललंय, येऊन घेऊन जा. जेवणाचं टेबल, भांड्यांचा अख्खा संच, दिवा, अगदी पोळपाट-लाटणंसुद्धा त्यांचं. पैसे विचारले तर म्हणाल्या, पुढे कुणालातरी द्या. माझा पहिला संसार दुसऱ्याने मागे ठेवलेल्या वस्तूंवर उभा राहिलाय. परवाच एक जोडपं नागपूरहून आलंय. त्यांच्याकडे दोन बॅगा आणि हवा भरायची गादी एवढंच आहे. ते टेबल आता त्यांच्याकडे जाईल.

मामा : हा मुद्दा मला पटला. मस्कतमध्येही असंच चालायचं. जाणाऱ्याचा कुलर येणाऱ्याकडे, जाणाऱ्याची कपाटं येणाऱ्याकडे. नवीन आलेल्या पोराला पहिल्या पगारापर्यंत तेवढाच आधार.

भाची : आणि पुस्तकंसुद्धा. मी पुण्याहून दर फेरीला मराठी पुस्तकं आणत गेले. ती परत न्यायची नाहीत असं ठरवलंय. पुण्यात ती आप्पा बळवंत चौकात पुन्हा मिळतील. इथे मराठी शाळेत येणाऱ्या मुलांना मिळणार नाहीत. जी वस्तू जिथे दुर्मीळ, तिथे ती राहावी. हा माझा नियम आहे.

मामा : नियम चांगला आहे. तोच पुढे चालव. तुझ्या घरातली कोणती वस्तू पुण्यात दुर्मीळ असेल?

भाची : विकत न मिळण्यासारखं काहीच नाही. आता तिथे सगळं मिळतं.

मामा : मी विकत मिळण्याचं विचारत नाही.

कुवेतमध्ये जे राहिलं

भाची : तुझा मुद्दा मला कळतोय. पण एक सांग. कुवेतहून तू सगळं टाकून आलास. मला नेहमी वाटायचं, वस्तूंचं काय घेऊन बसलात असं म्हणणारा आपल्या घरात पहिला माणूस तू असशील.

मामा : बऱ्याच जणांना तसं वाटतं. कुवेतमध्ये आमचं घर सालमियाला होतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य आत शिरलं तेव्हा आमची लेक पाच वर्षांची. काही आठवडे घरात कोंडून काढले आणि मग निघालो. बसने बसरा, तिथून बगदाद, मग जॉर्डनची हद्द आणि वाळवंटातली छावणी, शेवटी अम्मान. अम्मानहून एअर इंडियाची विमानं ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ये-जा करत होती. एक लाखाहून जास्त माणसं त्यांनी मुंबईला आणली. त्यांत आम्ही तिघं. बरोबर एक बॅग. तिच्यात कागदपत्रं, मामीचं थोडं सोनं आणि पोरीचे दोन फ्रॉक.

भाची : आणि घर तसंच टाकलंत.

मामा : कुलूप लावून, किल्ली खिशात घालून. पण घराचं, गाडीचं मला फारसं दुःख झालं नाही. त्याची भरपाईसुद्धा मिळाली. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे वळते केले. देश सोडावा लागलेल्या एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,००० अशी ठरावीक रक्कम. दुसऱ्या कुठल्याही वर्गात दावा करणार नाही असं मान्य केलं, तर ४,००० आणि ८,०००. घरसामान, गाडी यांच्यासाठी वेगळा अर्ज होता. आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत चुकता केला. सगळी मिळून रक्कम ५२ अब्ज डॉलरच्या वर गेली. म्हणून सांगतो, वस्तूची किंमत भरून देता येते हे मी स्वतः पाहिलंय. त्यावर माझा वाद नाही.

भाची : मग वाद कशावर आहे?

मामा : फोटोंचे अल्बम राहिले. माझ्या आईने रत्नागिरीहून आपल्या आवाजात टेप करून पाठवलेल्या कॅसेट राहिल्या. पोरीच्या बालवाडीच्या वह्या, तिची चित्रं राहिली. इथे ती शाळेत बसली. मुलांना सांगायची, आमच्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, माझी मैत्रीण फिलिपाइन्सची होती, आमच्याकडे पाऊस पडतच नाही. मुलं म्हणायची, थापा मारते. बाईंनाही सगळं खरं वाटेना. तिच्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. हळूहळू तिने सांगणं सोडलं. मोठी झाल्यावर एकदा मला विचारते, बाबा, खिडकीतून समुद्र खरंच दिसायचा का, की मीच मनाने रचलं? आम्हा दोघांची निम्मी हयात इथली होती, आम्हाला साक्ष द्यायला सगळी रत्नागिरी होती. तिचं तोवरचं सगळं आयुष्य तिकडचं, आणि त्याचा पुरावा तिच्या हाती काहीच नव्हता.

भाची : हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मामा : सांगायची वेळ आली नव्हती.

ज्यांनी ठरवलं नाही त्यांचं

भाची : पण मामा, माझी मुलं युद्धातून पळून येत नाहीयेत. माझ्या फोनमध्ये त्यांचे हजारो फोटो आहेत. शाळेचे मित्र रोज व्हिडिओवर भेटतील. त्यांना कुणी थापाडे म्हणणार नाही.

मामा : तेवढं पुरत असेल तर उत्तमच. ते पुरेल का, हे त्यांना विचारलंस?

भाची : विचारलं असतं तर सगळंच हवं म्हणाले असते. अंगणातला झोपाळासुद्धा. मुलांच्या बाबतीत काही गोष्टी आईबापांनीच ठरवायच्या असतात. मला दुसरीही भीती आहे. इथली खोकी घरात असली तर पुण्यात रुजायला त्यांना वेळ लागेल. रोज ती उघडून तिकडची आठवण काढत बसतील.

मामा : बसू देत. आठवण काढायला हातात काही नसलं म्हणजे मूल विसरतं, असं तुला वाटतं का? आमच्या लेकीने सांगणं सोडलं, विसरली नव्हती. हे बघ, तू दोन बॅगा घेऊन अमेरिकेला गेलीस. कुणी पाठवली तुला?

भाची : कुणी नाही. माझं मीच ठरवलं.

मामा : आणि आता परत यायचं कुणी ठरवलं?

भाची : आम्ही दोघांनी. माझ्या आईचं वय झालंय, नवऱ्याची नोकरी पुण्यातून होण्यासारखी आहे.

मामा : म्हणजे दोन्ही वेळा तू ठरवून निघालीस. म्हणून तुला दोन बॅगा पुरतात. वस्तू सोडताना तुझ्या हाती काहीतरी येत असतं : आई, माहेर, मराठी बोलणारी गल्ली. मुलांच्या हाती अजून काही आलेलं नाही. तू घरी परत येतेस, ती घर सोडून येतात. एकाच विमानात बसून दोन वेगळे प्रवास चाललेत तुमचे. ज्याने निर्णय घेतला त्याने आपल्या वस्तू खुशाल सोडाव्यात. ज्याच्यावर निर्णय येऊन पडला, त्याच्या वस्तूंवर पहिला हक्क त्याचा.

भाची : धाकटीचा बंक बेड. परवा त्याचा फोटो विक्रीला टाकला, तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाहीये. मला वाटलं, परीक्षेचं असेल. खालच्या पलंगाला चादरी लावून तिने आत खोली केली आहे. तिथेच वाचते, तिथेच रुसते.

मामा : लाकूड भरीव आहे की भुशाच्या फळ्या?

भाची : भरीव पाइन आहे.

मामा : मग येईल. भुशाच्या फळ्यांचं फर्निचर एकदा उघडलं की पुन्हा जुळवताना स्क्रू घट्ट धरत नाहीत, त्याला मी नको म्हटलं असतं. भरीव लाकडाचे सांधे पुन्हा बसतात. उघडून फळ्या एकावर एक बांधल्या तर जागा फारशी अडत नाही. गादी आणू नको, ती पुण्यात बनवून घे. उघडण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढ, फळ्यांना पेन्सिलने नंबर घाल. नट-बोल्ट कापडी पिशवीत घालून ती पिशवी फळीलाच चिकटपट्टीने गुंडाळ. वेगळ्या खोक्यात टाकलेली पिशवी कधी सापडत नाही.

भाची : मुलाचं काय? त्याला विचारलं तर पहिलं नाव तो ड्रोनचं घेईल. उन्हाळाभर लोकांच्या अंगणातलं गवत कापून त्याने तो घेतलाय.

मामा : तेवढं मात्र जमायचं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीपासून ड्रोनची आयात बंद आहे. संशोधन, संरक्षण अशा कामांना सूट आहे, घरच्या मुलाला नाही. बॅगेत लपवून आणायचा प्रयत्न करू नका, विमानतळावर ठेवून घेतील आणि त्याच्या डोळ्यांदेखत ठेवून घेतील. हे त्याला आत्ता, तिकडेच, समोर बसवून सांग. ड्रोन कुणाला द्यायचा की विकायचा, ते त्याला ठरवू दे, पैसेही त्याचेच. नाही म्हणायचं तर कारणासकट म्हणावं.

भाची : चिडेल तो.

मामा : चिडेल. पण त्याच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी आल्या, तर ही एक न येण्यामागे नियम होता हे त्याला पटेल. सगळंच टाकून दिलंत तर त्याला नियम आणि आईबापांची मर्जी यांतला फरक कसा कळणार?

यादी

भाची : ठीक आहे, असं करते. अख्खा कंटेनर घ्यायचा नाहीच. दुसऱ्यांच्या सामानाबरोबर वाटून जागा घ्यायची, तीन-चार घनमीटर, त्याहून एक खोकंही जास्त नाही. निम्मी जागा मुलांची. त्यात काय भरायचं ते त्यांनी ठरवायचं. मोजपट्टी मी देईन, मत देणार नाही.

मामा : आणि बोटीची वाट बघायला लावू नको. विमानातल्या आठ बॅगांपैकी एक-एक बॅग त्या दोघांची. पुण्यात पहिल्या रात्री उघडायला त्यांच्याजवळ स्वतःचं काहीतरी हवं.

भाची : उरलेल्या निम्म्या जागेत आमचे अल्बम, नवऱ्याची सतार, माझ्या सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या. बस. भांडी, टेबल, कपाटं, मराठी पुस्तकं इथेच द्यायची. यावर माझं मत बदललेलं नाही मामा. ज्याला गरज आहे त्याच्या घरात ती वस्तू जास्त जगते.

मामा : माझंही मत पूर्ण बदललेलं नाही. मी असतो तर शिवणयंत्र आणि चांगली भांडी आणली असती. माणूस साठीला पोचला की ओळखीच्या भांड्यात स्वयंपाक करायला बरं वाटतं. पण तो तुमचा दोघांचा प्रश्न आहे. तुम्ही तो तुमच्या हिशोबाने सोडवा, मी मध्ये बोलणार नाही.

भाची : म्हणजे आपलं भांडण मिटलं म्हणायचं?

मामा : सोफ्याबद्दल कधी नव्हतंच. मला एवढंच हवं होतं, की यादी करायला बसाल तेव्हा चौघं बसा, आणि लिहायला सुरुवात मुलांच्या वस्तूंपासून करा. जागा संपली तर ती आपल्या वस्तूंची संपावी. आपण निर्णय घेतलाय, त्याची किंमत आपण द्यावी. त्यांच्याकडून ती वसूल करू नये.

भाची : पलंग आज विक्रीतून काढते. एकाने घेतो म्हणून कळवलं होतं, त्याला आत्ताच नाही म्हणून सांगते. आणि मग धाकटीला हाक मारते. फळ्यांवर नंबर तिच्याच हाताने घालू दे.